बांबूच्या पट्ट्या आणि चिंध्यांचा कागद

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बांबूचे कुणाला अप्रूप नाही. मानवेल असो की कटांग, त्याच्या ताटव्यांनी घराला कूड होतो, बुरडाच्या हातून तो सूप आणि टोपली होऊन येतो, आणि बल्लारपूरच्या पेपर मिलने तर वर्षानुवर्षे त्याचा कागद केला. बुरडाच्या हातातला बांबू शेवटपर्यंत बांबूच दिसतो. कागद झालेला मात्र ओळखू येत नाही. चिवट कांबीचा मऊ ताव होतो कसा, हे शोधता शोधता मी त्साय लुन या चिनी माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले.

त्साय लुन दक्षिण चीनमधील लेयांगचा. इ. स. 75 च्या सुमारास तो लोयांग येथे हान सम्राटाच्या राजवाड्यात खोजा म्हणून चाकरीस लागला. खोज्याला वंश नाही, वारस नाही. राजकृपा हीच त्याची सारी मिळकत. ती टिकवण्यासाठी त्याने जे केले ते सांगायला बरे वाटत नाही, पण सांगितले पाहिजे. पट्टराणी तौ निपुत्रिक होती आणि सुंग नावाच्या दुसऱ्या राणीचा मुलगा युवराज होता. सुंगवर जादूटोण्याचा आरोप ठेवण्यात आला आणि चौकशी त्साय लुनकडे आली. पट्टराणीला हवा तसाच निकाल लागला. इ. स. 82 मध्ये सुंगने विष घेतले आणि तिच्या मुलाचे युवराजपद गेले.

पुढे नवा सम्राट हो याच्या काळात त्साय लुन वर चढला. राजवाड्याच्या कारखान्यावर त्याची देखरेख आली. तलवारी आणि इतर हत्यारे तिथे बनत, आणि त्यांच्या घडणीचे पुढे फार नाव झाले. सुटीच्या दिवशी तो दार लावून घेई, पाहुण्यांना भेटत नसे. माणूस एककल्ली असावा असे मला वाटते.

त्या काळी लिहायचे कशावर? रेशमावर, नाहीतर बांबूच्या अरुंद पट्ट्यांवर. पट्ट्या दोरीत ओवून ग्रंथ होई. रेशीम परवडत नसे आणि बांबू उचलवत नसे. इ. स. 105 मध्ये त्साय लुनने सम्राटापुढे नवी वस्तू ठेवली. झाडाची साल, भांगेच्या झाडाचा वाख, जुन्या चिंध्या आणि मासे धरायची जाळी यांचा कागद!

या यादीतली गंमत रसायनशास्त्राशिवाय कळत नाही. (कला शाखेच्या वाचकांनी पान उलटू नये.) साल, वाख, चिंधी, जाळे, बांबू, सगळ्यांत सेल्युलोज हा एकच पदार्थ आहे. ग्लुकोजचे शेकडो-हजारो दुवे जोडून त्याची साखळी होते. मग ग्लुकोज पाण्यात विरघळते आणि सदरा का विरघळत नाही? साखळीच्या प्रत्येक दुव्यावर ऑक्सिजनला जोडलेले हायड्रोजन असतात. ऑक्सिजन त्यांचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो. असा उघडा पडलेला हायड्रोजन शेजारच्या दुसऱ्या ऑक्सिजनकडे ओढ घेतो. हाच हायड्रोजन बंध. शेजारी त्याच साखळीतला असला तर साखळी ताठ राहते. दुसऱ्या साखळीतला असला तर दोन्ही साखळ्या एकमेकींना धरून बसतात. एकेक बंध दुबळा, नेहमीच्या रासायनिक बंधाच्या विसाव्या हिश्श्याइतका. पण असे अगणित बंध एकत्र आले की पाण्यालाही आत शिरता येत नाही.

कागदात हीच गोष्ट धाग्याधाग्यांमध्ये घडते. लगदा कुटला की धाग्यांची टोके आणि अंग पिंजून निघते, बारीक केस सुटतात, एकमेकांना भिडायला जागा वाढते. हा बंध अगदी जवळून भिडल्याशिवाय होतच नाही, आणि ती जवळीक पाणी घडवून आणते. ताव वाळताना निघून जाणारे पाणी धाग्यांना एकमेकांकडे खेचते. ते गेले की त्याच्या जागी धागे एकमेकांना धरतात. डिंक नाही, खळ नाही. खळ लावतात ती शाई पसरू नये म्हणून. भिजलेल्या वहीचे पान हातात येते ते याच कारणाने. पाणी धाग्यांमध्ये परत शिरते आणि त्यांचे हात सोडवते. रद्दीचा पुन्हा लगदा होतो तोही त्यामुळेच. ओला रुमाल मात्र फाटत नाही, कारण त्याला सुताचा पीळ आणि वीण सांभाळते.

चिंध्या आणि जाळी वापरून वापरून आधीच पिंजलेली, म्हणून ती निवड मला फार शहाणपणाची वाटते. यातले रसायन त्साय लुनला ठाऊक असणे शक्य नव्हते. हायड्रोजन बंधाची कल्पना कॅलिफोर्नियात लॅटिमर आणि रोडबुश यांनी मांडली ती 1920 साली. शिवाय कागदाचा पहिला जनकही तो नव्हे. वायव्य चीनमध्ये त्याच्या आधीच्या दोनअडीचशे वर्षांचे कागदाचे तुकडे सापडले आहेत. त्याने टाकाऊ मालातून कागद करण्याची रीत बसवली आणि ती राजदरबारातून देशभर नेली. माझ्या मते एवढे श्रेय पुरेसे आहे.

इ. स. 114 मध्ये त्याला लुंगतिंगची जहागीर मिळाली. पण गादीवर तोवर सम्राट आन आला होता, म्हणजे त्या सुंग राणीचाच नातू. राजमाता तंग जिवंत होती तोवर त्साय लुनला धक्का लागला नाही. 121 साली ती वारली आणि जुन्या प्रकरणाच्या चौकशीसाठी त्याला हजर होण्याचा हुकूम निघाला. तो गेला नाही. त्याने स्नान केले, उंची वस्त्रे नेसली आणि विष घेतले. सुंगच्या मृत्यूला तेव्हा एकोणचाळीस वर्षे झाली होती.

कागद मात्र चालत राहिला. आठव्या शतकात तो समरकंदला पोहोचला, पुढे आपल्याकडे आला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच कागद करणाऱ्या कागजींवरून पडले. चीनमध्ये काही शतकांनी बांबूही कुटून लगद्यात पडला, आणि ज्याच्या पट्ट्यांना कागदाने हद्दपार केले होते, त्याचाच कागद झाला.

आमच्याकडे भांडण झाले ते हा बांबू कुणाचा यावरून. वनखात्याच्या लेखी तो झाड, त्यामुळे जंगलातला बांबू सरकारचा आणि करार झाल्यावर मिलचा. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकून गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडेच होता. एप्रिल 2011 मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ते पुस्तकही कागदाचेच.