गिलसाहेबांचे फोटो



संपादक मंडळाने मला नववीच्या अजिंठा सहलीवर लिहायला सांगितले होते. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा लेख सहलीवरून घसरला आणि परतीच्या वाटेवर अजिंठा गावात आपल्या सरांनी ज्यांची गोष्ट सांगितली, त्या गिलसाहेबांकडे गेला. मग म्हटले, जाऊ दे, त्यांच्यावरच लिहावे. सहलीत कोणाला गाडी लागली आणि कोणाचा डबा माकडाने पळवला, हे इतर जण लिहितीलच.

मेजर रॉबर्ट गिल आपल्याकडे ओळखले जातात ते पारोमुळे. ना. धों. महानोरांनी त्या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले, २०१२ साली नितीन देसाईंनी त्याच नावाचा चित्रपट काढला. पारोची कबर अजिंठा गावात आहे. त्यावर १८५६ साल कोरलेले आहे. ती कथा सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी ती बाजूला ठेवतो. मला लिहायचे आहे ते त्यांच्या कॅमेऱ्याबद्दल.

त्यांचा जन्म १८०४ सालचा, लंडनचा. विशीत ते कंपनी सरकारच्या मद्रासच्या फौजेत आले. हात चित्रकाराचा होता. इकडे लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या अभ्यासकाने १८४३ साली रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे भारतातल्या लेण्यांवर निबंध वाचला. लेणी पडझडीला आली आहेत, चित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवा, असा त्याचा आग्रह होता. सोसायटीने तो कंपनीच्या संचालकांच्या गळी उतरवला आणि १८४४ मध्ये या कामावर गिलसाहेबांची नेमणूक झाली. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. गावातल्या बारादरीत त्यांनी मुक्काम टाकला आणि जन्माचे अजिंठ्याचे होऊन गेले. लेणी गावापासून काही मैल, खाली घाटात. रोज तिथे जायचे, अंधाऱ्या विहारात उभे राहून भिंतीवरचे बोधिसत्त्व मोठाल्या कॅनव्हासवर तेलरंगात उतरवायचे. हे काम वर्षानुवर्षे चालले. कॅनव्हास गुंडाळून विलायतेला जात होते.

१८५६च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हातात घेतला. त्या काळचा कॅमेरा म्हणजे काय प्रकार होता, हे आपल्या मोबाइलवाल्यांना समजणे अवघड आहे. काच घ्यायची, तिच्यावर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधाऱ्या तंबूत ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत परत तंबूत नेऊन धुवायची. सगळा खेळ काही मिनिटांचा. आता आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा. कलोडियनमध्ये ईथर असते, ते उन्हात बघता बघता उडून जाते. बोटे चांदीच्या क्षाराने काळी पडतात. धुवायला स्वच्छ पाणी लागते आणि लेण्यांखालची वाघूर उन्हाळ्यात कशी असते ते आपण पाहिले आहे.

त्यातच एक मोठी गोम होती. तो काचेवरचा लेप निळ्या उजेडाला हपापलेला आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळा. अजिंठ्याच्या भिंती तर गेरूच्या आणि पिवळ्या मातीच्या. म्हणजे ज्या चित्रांसाठी साहेबांना नेमले, तीच चित्रे कॅमेऱ्यात काळपट डाग होऊन येणार. म्हणून त्यांचे फोटो आहेत ते खांबांचे, दारांचे, कोरीव कामाचे. चित्रांसाठी ब्रशच हवा होता.

आता मुद्द्याकडे येतो. त्याच सुमारास मुंबईत फोटोग्राफीचे खूळ जोरात होते. १८५४च्या ऑक्टोबरात तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, लंडनच्या सोसायटीनंतर पावणेदोन वर्षांनी. सभासद म्हणजे पोटासाठी दुसरे काही करणारी माणसे. लष्करी अधिकारी, कारकून, डॉक्टर. डॉ. भाऊ दाजी लाड त्यात होते, त्यांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी तर कार्यकारी मंडळावर. मंडळी सभेला जमायची, आपापले छाप टेबलावर मांडायची, रसायनांच्या प्रमाणावर चर्चा करायची. जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी १८५६च्या अखेरीस हौशी लोकांच्या फोटोंचा एक मासिक अल्बम सुरू केला. दर अंकात तीन फोटो, छापलेले नव्हेत, खरेखुरे, कागदावर हाताने चिकटवलेले, सोबत माहिती. दोनेक वर्षे तो चालला. आपल्या ग्रुपवरच्या सकाळच्या फोटोंचा पणजोबाच म्हणा!

हे सगळे मुंबईत. अजिंठ्यात काय होते? रेल्वे अजून भुसावळला पोचायची होती. आपली काच धुऊन झाल्यावर साहेबांनी ती उजेडात धरली असेल, तेव्हा शेजारी उभे राहून ती निरखणारे, खांब डावीकडे कलला आहे किंवा कॅमेरा थोडा खाली हवा होता, असे सांगणारे कोण होते? मला तरी तिथे कोणी दिसत नाही. त्यांचा पारखी होता तो सातासमुद्रापलीकडे, तोच फर्ग्युसन. साहेबांचे फोटो त्याच्याकडे गेले आणि त्याच्या मजकुरासह १८६४ साली दोन पुस्तके निघाली. एकात लेणीमंदिरांचे चौऱ्याहत्तर फोटो. दुसऱ्यात शंभर जोडफोटो. जोडफोटो म्हणजे एकाच दृश्याचे दोन डोळ्यांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो. ते स्टीरिओस्कोपमधून पाहिले की खांबामागे खांब खरोखर खोल जातो. त्या शंभरात वास्तूंबरोबर शिकारीतले प्राणीही आहेत, कारण साहेब नामांकित शिकारी होते. ती आवड मला पटत नाही, पण काळच तसा होता.

आपल्या जिल्ह्याचे त्यांच्याशी नाते आहे ते इथे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर साहेबांनी १८६०च्या दशकात फोटोत धरले. आपण दहावीला लोणारला गेलो तेव्हा त्याच मंदिरापुढे ओळीने उभे राहिलो होतो. वर्गातला अर्धा पट त्या फोटोत डोळे मिटून आहे. साहेबांचा फोटो मी पुढे बऱ्याच वर्षांनी पाहिला आणि आपल्या चित्रकलेच्या सरांच्या नजरेने तपासायला लागलो. सरांची पद्धत आठवते ना? सहलीचे फोटो धुऊन आले की ते फळ्याला टाचायचे आणि प्रत्येकाने उठून एक चांगली गोष्ट आणि एक खोट सांगायची. नुसते छान म्हणून बसायला परवानगी नव्हती. काकांच्या अ‍ॅग्फा क्लिक थ्रीने मी अजिंठ्यात बारा फोटो काढले होते. लेण्यातले सात ठार काळे आले. सरांनी ते सातही टाचायला लावले. मला जमिनीत जावेसे वाटले. पण त्याच तासाला मला कळले की फोटो वस्तूचा निघत नाही, उजेडाचा निघतो.

त्या पद्धतीने साहेबांचा लोणारचा फोटो पाहिला. चांगली गोष्ट, दगडाचा थर न् थर मोजता येतो, छायेतली नक्षीही हरवलेली नाही. खोट, आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे. ती काचेची खोट, साहेबांची नव्हे, तो निळ्याला हपापलेला लेप आकाश जाळून टाकायचाच.

मग ती आग. साहेबांच्या कॅनव्हासवरच्या नकला लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या होत्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली आणि वीसेक वर्षांच्या कामापैकी जवळपास सगळे गेले. तिथे न ठेवलेले चार-पाच कॅनव्हास तेवढे वाचले, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. प्रत्येक चित्राची एकच प्रत होती. साहेब तेव्हा बासष्ट वर्षांचे. ही बातमी अजिंठ्यात त्यांच्यापर्यंत पोचली असेल तेव्हा ते बारादरीत होते की लेण्यात, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. भिंत समोर होती, भिंतीवरची मूळ चित्रे होती, ती दरवर्षी थोडी झडत होती, आणि आपण उतरवलेले तेवढे राख.

फोटोंचे मात्र असे झाले नाही. ते पुस्तकांत चिकटवून लोकांच्या घरी, ग्रंथालयांत गेलेले होते. एक घर जळाले तरी दुसऱ्या घरात प्रत होतीच. म्हणून लोणारचे मंदिर दीडशे वर्षांपूर्वी कसे दिसत होते, हे मी पाहू शकलो.

साहेब त्यानंतरही अजिंठ्यातच राहिले. १८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने नकला करायला आले, तेव्हा साहेब हयात होते. एप्रिल १८७९ मध्ये ते वारले. कबर भुसावळला आहे. आपल्यापैकी कितीतरी जण त्या गावात गाडी बदलतात, कबरीकडे क्वचितच कोणी वळत असेल. मीही चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा गेलो.

हे सारे सांगायला एक खासगी कारण आहे, ते आता लिहितो. तीन वर्षांपूर्वी आपल्या बॅचच्या ग्रुपवर एका मित्राने लोणार सरोवराचा फोटो टाकला. नाव लिहीत नाही, वाचताना तो ओळखेल. पंधरा-वीस अंगठे आले, फुले आली. मी लिहिले की क्षितिज तिरपे आहे आणि रंग इतके चढवले आहेत की पाणी मोरपिशी झाले आहे. एवढेच लिहिले. चांगली गोष्ट सांगायची राहिली. सरांचा अर्धा नियम पाळला आणि तोही सगळ्यांसमोर. त्या दिवसापासून त्याने एकही फोटो टाकला नाही. मी फोन केला तेव्हा हसून म्हणाला की वेळ मिळत नाही. आपल्यात खरोखर फोटोची नजर असलेला तो एकटा होता. काळे फोटो फळ्याला टाचलेले असताना सातव्या फोटोत खांबाची कड दिसते आहे, असे उठून सांगणारा तोच.

तेव्हा मित्रा, सरोवराच्या तुझ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात काठावरचे पडके देऊळ होते आणि त्याची सावली पाण्यापर्यंत आली होती. ती वेळ साधायला तू पहाटे विवर उतरला असशील. मी ते पाहिले होते, लिहिले नाही.

मेळाव्याच्या दिवशी चित्रकलेच्या जुन्या वर्गात मी एक फळा मागून घेतला आहे, टाचण्याही आणतो. सर येणार आहेत. माझे ते सात काळे फोटो अजून ट्रंकेत आहेत, ते मी पहिल्या ओळीत लावणार. बाकीची जागा मोकळी ठेवतो. ज्याच्याकडे जे असेल ते कागदावर छापून आणा, मोबाइलमधले चालणार नाही.