बावीस दिवसांचा पोप

पोपपदाच्या इतिहासात अल्पजीवी कारकीर्दी अनेक आढळतात. १५९० मध्ये सातवा अर्बन अवघे तेरा दिवस पदावर राहिला. १९७८ मध्ये पहिल्या जॉन पॉलला तेहेतीस दिवस लाभले. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने आवर्जून थांबावे असे चरित्र आहे ते दुसऱ्या मार्सेलसचे.

त्याचे मूळ नाव मार्चेल्लो चेर्व्हिनी. जन्म ६ मे १५०१ रोजी मध्य इटलीतील मोन्तेफानो येथे. वडील पोपच्या सेवेत होते; त्यांना ज्योतिर्गणिताचा व्यासंग होता आणि पंचांगशुद्धीच्या प्रश्नात त्यांनी लक्ष घातले होते. मुलाच्या अंगीही हीच विद्याप्रीती उतरली. तिसऱ्या पॉलने १५३९ मध्ये त्याला कार्डिनल केले. १५४५ मध्ये ट्रेंटची धर्मपरिषद भरली, तेव्हा तिच्या तीन अध्यक्षांपैकी तो एक होता.

परंतु त्याचे मन खऱ्या अर्थाने रमले ते ग्रंथांत. ग्रीक हस्तलिखिते केवळ संग्रही न राहता छापली जावीत म्हणून त्याने रोममध्ये आन्तोनिओ ब्लादो या मुद्रकाला हाताशी धरले. होमरच्या काव्यांवरील युस्टाथियसची प्रचंड टीका १५४२ पासून तेथेच प्रथम मुद्रित झाली. इथिओपियाच्या गीझ भाषेतील नवा करार १५४८-४९ मध्ये रोममध्ये छापला गेला, त्यामागेही त्याचा आश्रय होता. सिरियाक नवा करार छापण्याच्या हेतूने रोमला आलेल्या मार्डिनच्या मोझेसलाही त्याने साहाय्य केले. तो ग्रंथ मात्र पुढे १५५५ मध्ये व्हिएन्नात निघाला. केरळच्या ख्रिस्ती समाजाची उपासनाभाषा हीच सिरियाक होती, हे येथे सहज आठवते. व्हॅटिकन ग्रंथालयाची धुराही काही वर्षे त्याच्याकडे होती.

९ एप्रिल १५५५ रोजी त्याची पोपपदी निवड झाली. नवे नाव घेण्याची रूढी बाजूस सारून त्याने आपले जन्मनावच कायम ठेवले. राज्यारोहणाचा समारंभ साधेपणाने उरकला. आप्तांना तर त्याने रोमपासून दूरच ठेवले. पुतण्या-भाच्यांना पदे वाटण्याच्या त्या काळात हे विरळाच म्हणावे लागेल.

तीनच दिवसांनी, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने पोपच्या गायकवृंदास बोलावून समज दिली : गायन त्या दिवसाच्या शोकाला साजेसे असावे आणि शब्द श्रोत्यांना स्पष्ट ऐकू यावेत, कळावेत. अनेक स्वरावलींच्या गुंफणीत शब्द हरवतात, ही त्याची तक्रार ग्रंथसंपादकाचीच होती, असे मला वाटते. त्या वृंदात पालेस्त्रिना होता. त्याची पोप मार्सेलसच्या नावाची उपासनारचना १५६७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने ट्रेंटच्या धुरिणांचे मन वळवून बहुस्वरी संगीत वाचविले, ही आख्यायिका पुढे फार रुजली. तिला पुरावा नाही. शब्द मात्र त्या रचनेत खरोखरच स्वच्छ ऐकू येतात.

धर्मसुधारणेची कामे त्याने हाती घेतली होती. पण प्रकृती मुळातच नाजूक, त्यात पवित्र सप्ताहाचे श्रम. १ मे रोजी त्याचा अंत झाला. त्याच महिन्यात कठोर वृत्तीचा चौथा पॉल पोप झाला. जुलैमध्ये त्याने रोममधील ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडले; १५५९ मध्ये निषिद्ध ग्रंथांची यादी काढली. पालेस्त्रिनालाही, तो विवाहित असल्यामुळे, त्याच वर्षी, म्हणजे १५५५ मध्येच, गायकवृंदातून निवृत्तिवेतन देऊन दूर करण्यात आले होते.