काझुझा : गाणारा मुलगा आणि आईने उभारलेले घर

ऑक्टोबर 1990. रिओ दी जनेरो शहरात जिथे दरवर्षी कार्निव्हलच्या मिरवणुकीची सांगता होते, त्या आपोतेओझ चौकात एक मोठी संगीत मैफल झाली. ज्याच्या गाण्यांसाठी लोक जमले होते, तो गायक तीन महिन्यांपूर्वीच एड्सने गेला होता. गाणी त्याची होती, गाणारे त्याचे मित्र. आणि मैफलीचे पैसे जाणार होते शहरातल्या एका विद्यापीठ रुग्णालयातील एड्सच्या रुग्णांकडे.

त्या गायकाचे नाव आजेनोर दी मिरांदा आराउजो नेतो. मात्र सारा ब्राझील त्याला काझुझा म्हणूनच ओळखतो. जन्म 4 एप्रिल 1958, रिओचाच. वडील जोआओ एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीचे प्रमुख, त्यामुळे घरात गायक-वादकांचा राबता. आई-वडिलांचे हे एकुलते एक अपत्य. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तो ‘बाराओ वेर्मेल्यो’ म्हणजे ‘लाल बॅरन’ या रॉक बँडचा गायक झाला. जानेवारी 1985 मध्ये ‘रॉक इन रिओ’ महोत्सवात हा बँड गायला, त्याच दिवशी देशात दोन दशकांच्या लष्करी राजवटीनंतर नागरी राष्ट्राध्यक्षाची निवड झाली. नव्या मोकळ्या ब्राझीलचा आवाज म्हणून तरुणांनी काझुझाला डोक्यावर घेतले. त्याच वर्षी त्याने बँड सोडला आणि एकट्याने गाऊ लागला.

आजाराची चाहूलही त्याच वर्षी लागली. तीव्र तापाने त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. एचआयव्हीची चाचणी झाली, पण ती निगेटिव्ह आली. 1987 मध्ये पुन्हा न्यूमोनिया झाला आणि या वेळी निदान पक्के झाले. आई-वडील त्याला अमेरिकेत बोस्टनला घेऊन गेले. तिथे त्याला एझेडटी हे औषध सुरू झाले. त्याच वर्षी मान्यता मिळालेले, एचआयव्हीवरचे ते पहिले औषध.

हे औषध काम कसे करते? एचआयव्हीची जनुकीय माहिती आरएनएच्या रूपात असते. आपल्या पेशीत शिरल्यावर तो एका विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या मदतीने तिची डीएनएमध्ये नक्कल करतो. एझेडटीचा रेणू डीएनएच्या एका घटकासारखा दिसतो. विकर फसते, तो रेणू साखळीत जोडते आणि साखळी तिथेच तुटते. पण विषाणू नक्कल करताना सतत चुका करतो. त्या चुकांतून काही काळाने औषधाला न जुमानणारे विषाणू तयार होतात. त्यामुळे एकट्या एझेडटीने रुग्णाला थोडा वेळ मिळे, सुटका मिळत नसे. शिवाय सुरुवातीचे डोस फार मोठे होते. दर चार तासांनी औषध घ्यावे लागे आणि त्याने अनेकांना रक्तक्षय होई.

मिळालेला तो थोडा वेळ काझुझाने कामात घालवला. पुढच्या दोन वर्षांत त्याचे गाजलेले अल्बम आले. फेब्रुवारी 1989 मध्ये त्याने आपल्याला एड्स असल्याचे वृत्तपत्रातून जाहीर केले. ब्राझीलमध्ये तोवर एवढ्या प्रसिद्ध कलावंताने असे क्वचितच केले होते. लोक या रोगाचे नाव कुजबुजत घेत, रुग्णाच्या कपाला हात लावायला घाबरत, तो हा काळ. दोन महिन्यांनी एका मोठ्या साप्ताहिकाने त्याचा खंगलेला चेहरा मुखपृष्ठावर छापला आणि तो जणू भर चौकात मरतो आहे, असे चित्र रंगवले. कलावंतांनी जाहीर निषेध केला. काझुझा मात्र चाकाच्या खुर्चीत बसून, थकलेल्या आवाजात शेवटचा अल्बम ध्वनिमुद्रित करत होता. 7 जुलै 1990 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, तो गेला.

त्याची आई लुसिन्या आराउजो यांनी त्याच वर्षी मित्रमंडळींसह ‘व्हिव्हा काझुझा’ ही संस्था स्थापन केली. आधी रुग्णालयाला मदत केली. नंतर रिओतल्या लारांजेइरास भागात एचआयव्ही असलेल्या मुलांसाठी घर सुरू केले. अनेक मुलांना संसर्ग आईकडून झाला होता आणि सांभाळणारे कोणी उरले नव्हते. मुलाच्या गाण्यांच्या मानधनाचा मोठा आधार या घराला होता. एकुलता एक मुलगा गमावलेली बाई आता गोळ्यांच्या वेळा, ताप आणि शाळेचे प्रवेश सांभाळू लागली.

त्याच सुमारास विज्ञानही पुढे गेले. काझुझाला वाचवू न शकलेल्या एझेडटीनेच एक मोठी गोष्ट साधली. गरोदरपणात, बाळंतपणाच्या वेळी आणि नंतर बाळाला ते दिल्यास आईकडून होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण सुमारे 25 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर येते, असे 1994 च्या अभ्यासात दिसले. 1996 मध्ये तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुजली. एका औषधातून निसटणारा विषाणू तिन्हींतून एकाच वेळी निसटणे फार अवघड. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलने कायदा करून ही औषधे सर्व रुग्णांना मोफत दिली. 2007 मध्ये ‘एफाविरेंझ’ महाग पडते म्हणून ब्राझीलने पेटंट बाजूला ठेवून सक्तीचा परवाना दिला, तेव्हा त्याच्या स्वस्त गोळ्या भारतातून गेल्या.

आज वेळेवर उपचार झाले तर आईकडून बाळाला होणारा संसर्ग एक-दोन टक्क्यांच्याही खाली राखता येतो. नियमित गोळ्या घेऊन ज्यांच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, त्यांच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. चाचणी वेळेत व्हावी लागते, एवढीच अट. आणि तिच्या आड येते ती बहुधा तीच जुनी लाज, जिच्याशी काझुझा 1989 मध्ये उघडपणे भिडला होता.

तीस वर्षे चालल्यावर 2020 मध्ये त्या संस्थेचे काम थांबले. तोवर त्या घरात आलेली कितीतरी मुले मोठी होऊन बाहेर पडली होती. काझुझाला जे वय कधी दिसले नाही, ते त्यांच्या वाट्याला आले.