पदव्यांमागचा जमाखर्च

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पदव्यांची मालिका महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही पाठ असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. या पदव्यांसाठी त्यांनी घेतलेल्या कष्टांची आठवण दर वर्षी १४ एप्रिलला आवर्जून काढली जाते. या शिक्षणाचा खर्च कोणी केला, किती केला आणि कोणत्या अटींवर केला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. वडिलांचे निवृत्तिवेतन, बहिणींचे दागिने, एका संस्थानिकाची शिष्यवृत्ती, दुसऱ्याचे साहाय्य, मित्राचे कर्ज आणि स्वतःच्या पगारातील शिल्लक अशा अनेक ठिकाणांहून तो पैसा उभा राहिला. ज्या ज्या वेळी तो संपला, त्या त्या वेळी शिक्षणही थांबले. उच्च शिक्षणाच्या खर्चाने मध्यमवर्गीय घरेही मेटाकुटीला येतात अशा आजच्या काळात हा जमाखर्च मुळातून पाहण्यासारखा आहे.

दागिने आणि निवृत्तिवेतन

भीमरावांचा जन्म १८९१ मध्ये महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यातील सुभेदार. निवृत्तीनंतर दापोली, सातारा असा मुक्काम करीत हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. खोली एकच. त्या एका खोलीत स्वयंपाक, झोपणे आणि अभ्यास. मुलाने लवकर झोपावे, रात्री दोनच्या सुमारास उठावे आणि निजानीज असताना अभ्यास करावा, अशी व्यवस्था सुभेदारांनी लावून दिली होती.

मुलाला पुस्तकांचे वेड होते आणि निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. पुस्तक हवे झाले की रामजी मुंबईतच दिलेल्या आपल्या विवाहित मुलींकडे जात. रोख पैसे नसले, तर मुलगी अंगावरचा एखादा दागिना काढून देई. तो मारवाड्याकडे गहाण पडे, पुस्तक घरी येई आणि निवृत्तिवेतन हाती आले की दागिना सोडवून परत केला जाई. आंबेडकरांच्या शिक्षणासाठी काढलेले पहिले कर्ज हे असे बहिणींच्या दागिन्यांवरचे होते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. ७५० पैकी २८२ गुण आजच्या मापाने सामान्य वाटतील. पण अस्पृश्य समाजातील मुलाने मॅट्रिक होणे हीच त्या वेळी अपूर्व घटना होती. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी उपस्थित होते. बागेत एकटाच वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी आधीच हेरून ठेवला होता.

भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात दाखल झाले, परंतु इंटरनंतर वडिलांची ऐपत संपली. अशा वेळी केळुसकरांनी शब्द टाकला आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. कॉलेजातील प्रा. म्युलर यांनी पुस्तके दिली, कपडेही दिले. या आधारावर बी.ए.चे शिक्षण पूर्ण झाले. केळुसकरांची नजर त्या बागेतील मुलाकडे गेली नसती, तर पुढचे सारे घडले असते की नाही, हे सांगणे अवघड आहे.

साडेअकरा पौंड

१९१३ च्या प्रारंभी आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजाराची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. मुलाच्या शिक्षणाचा पहिला आश्रयदाता गेला.

याच सुमारास सयाजीरावांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले. त्यांत आंबेडकरांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी करारपत्रावर सही केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. नेमून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. त्या वेळच्या हुंडणावळीच्या दराने साडेअकरा पौंड म्हणजे साधारण १७२ रुपये होत. अमेरिकेत त्याचे ५६ डॉलरच्या आसपास मिळत.

मुंबईच्या चाळीत १७२ रुपये ही मोठी रक्कम होती, न्यूयॉर्कमध्ये नव्हती. त्यातून राहणे, जेवणे भागवायचे आणि घरी पत्नी रमाबाई व कुटुंबासाठीही पैसे पाठवायचे. आंबेडकरांनी खाण्यात काटकसर केली, करमणूक वर्ज्य केली. हात सैल सोडला तो फक्त जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. मुदत ठरलेली होती आणि ती संपली की पैसा बंद होणार होता. त्यांच्या अठरा तासांच्या अभ्यासामागे ज्ञानाची तहान होती, तसा हा तीन वर्षांचा हिशेबही होता.

१९१५ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठाचे एम.ए. झाले. १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध सादर झाला. पण प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला दिल्याखेरीज पदवी द्यायची नाही, असा तेथील नियम होता. छपाईला पैसे लागतात आणि विद्यार्थ्याजवळ ते नव्हते. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा हा ग्रंथ पुढे १९२५ मध्ये लंडनमध्ये छापला गेला आणि १९२७ मध्ये कोलंबियाने रीतसर पदवी दिली. अभ्यास पूर्ण होणे आणि पदवी हाती येणे यांत ११ वर्षांचे अंतर पडले.

कराराची किंमत

न्यूयॉर्कहून आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचा आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास त्यांनी एकाच वेळी आरंभिला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली, तेवढाच दिलासा होता. महायुद्ध चालू होते. पोटाला चिमटा घेऊन जमविलेली पुस्तके ज्या जहाजाने पाठविली, ते पाणतीराने बुडाले.

कराराप्रमाणे आंबेडकर बडोद्याला नोकरीवर हजर झाले. अमेरिकेतील विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत त्यांनी पारशी नाव घेऊन आसरा घेतला. कचेरीतील शिपाई विटाळाच्या भीतीने कागद दुरून फेकीत. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेला जमाव धर्मशाळेत शिरला आणि त्यांना बाहेर पडणे भाग पडले. मित्रांकडेही सोय झाली नाही. कामाठी बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

दहा वर्षांच्या नोकरीची अट अशा रीतीने काही दिवसांतच मोडली. ती पाळण्याची तयारी विद्यार्थ्याची होती. त्याला राहू देण्याची तयारी शहराची नव्हती. तरीही पुढे संस्थानच्या दप्तराने शिष्यवृत्तीच्या रकमेची मागणी केली आणि त्याविषयी बराच काळ पत्रव्यवहार चालला. सयाजीरावांच्या औदार्याबद्दल आंबेडकरांच्या मनात कायम कृतज्ञता होती. पण दात्याचे मन कितीही मोठे असले, तरी त्याच्या पैशाला जोडलेली अट समाजाच्या रूढीपुढे कशी निरुपयोगी ठरते, याचा हा रोकडा अनुभव होता.

रुपयाचा प्रश्न

अपुरे शिक्षण पुरे करायचे होते. मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या, व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय मांडून पाहिला. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५० रुपये. एवढ्या पगारात चांगल्या वस्तीत बिऱ्हाड करता आले असते. आंबेडकर मात्र परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच राहिले आणि लंडनसाठी पैसे साठवू लागले. या बचतीचा खरा भार रमाबाईंवर पडला. घरात माणसे बरीच आणि खर्चाला मिळणारी रक्कम मोजकी, अशी ती ओढाताण होती.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. शिल्लक पुरेशी नव्हती. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी दीड हजार रुपये दिले. कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपयांचे कर्ज दिले. त्यासाठी तारण काहीच नव्हते. मैत्री हाच जामीन. ही सारी जमा घेऊन आंबेडकर जुलै १९२० मध्ये लंडनला निघाले.

याच वर्षी रुपयाचा भाव ढासळू लागला. सरकारने रुपयाची किंमत दोन शिलिंग ठरविली होती, पण ती टिकली नाही. १९२१ मध्ये रुपया सव्वा शिलिंगच्या आसपास आला. दोन शिलिंगच्या दराने पाच हजार रुपयांचे ५०० पौंड होतात; सव्वा शिलिंगच्या दराने सुमारे ३१२. रुपयांत हिशेब करून लंडनला आलेल्या प्रत्येक हिंदी विद्यार्थ्याचे बजेट त्यामुळे कोलमडले. आंबेडकरांनाही शाहू महाराजांना पुन्हा पैशांसाठी लिहावे लागले. हा विद्यार्थी त्या वेळी जो प्रबंध लिहीत होता, त्याचा विषय रुपयाचा प्रश्न हाच होता. हुंडणावळीच्या चढउताराचे चटके पुस्तकांबाहेरही बसत होते.

लंडनमधील दिनक्रम ठरून गेला. सकाळी खाणावळीतील जुजबी न्याहारी, मग ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दार बंद होईपर्यंत वाचन. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्याच्या तुकड्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचे. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजांचे निधन झाले आणि आणखी एक आधार तुटला.

डी.एस्सी.चा प्रबंध सादर झाला, पण तो काही भागांत पुन्हा लिहावा, असे परीक्षकांचे म्हणणे पडले. लंडनमध्ये राहून तो लिहिण्याइतके पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये आंबेडकर मुंबईला परतले, प्रबंध येथे दुरुस्त केला आणि टपालाने पाठविला. वर्षअखेरीस पदवी मिळाली. बॅरिस्टर झाले तरी वकिलीची सनद घेण्यासाठी पुन्हा पैसे हवे होते. तेही भथेनांनीच दिले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जगातील दोन नामवंत विद्यापीठांत शिकलेला हा विद्वान उसनवारीच्या पैशाने हायकोर्टात उभा राहिला.

आश्रयाकडून तरतुदीकडे

एखाद्या माणसाचे शिक्षण अशा अनुभवातून पार पडले की तो एक तर आपल्या जिद्दीचे गोडवे गातो, नाही तर मागच्यांची वाट सोपी करतो. आंबेडकरांनी दुसरा मार्ग धरला. जुलै १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या पहिल्या कामांत वसतिगृहांचा समावेश होता. सभेचे वसतिगृह १९२५ मध्ये सोलापूरला सुरू झाले. शिक्षणाचा खर्च म्हणजे केवळ फी नव्हे, राहण्या-जेवण्याची सोय हा त्यातील मोठा वाटा आहे, हे न्यूयॉर्क, लंडन आणि बडोदा पाहिलेल्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. अलीगड आणि बनारस या विद्यापीठांना सरकार अनुदान देते, तर ज्या समाजाला विद्यापीठाचे दारच दिसत नाही त्याच्या शिक्षणासाठीही सरकारने पैसा बाजूला काढावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. भारतातील आणि परदेशातील उच्च शिक्षण असे दोन्ही खर्च त्यांनी मागितले. सरकारने वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मान्य केली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली आणि काही विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी परदेशीही गेले.

ही योजना आजही चालू आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत ती भारत सरकार शिष्यवृत्ती या नावाने ओळखली जाते. २०२० च्या अखेरीस तिच्या खर्चाची केंद्र व राज्ये यांच्यातील वाटणी ६० आणि ४० टक्के अशी नव्याने ठरविण्यात आली. महाराष्ट्र शासनाच्या परदेशी उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्तीला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे.

१९४५ मध्ये आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले. नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. कारकुनी करून घर चालविणाऱ्या कित्येकांनी या वर्गांत बसून पदवी घेतली. १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, सोसायटीने दुसरे कॉलेज काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणापासून दूर राहिलेल्या मराठवाड्याची ती गरज होती.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यांच्या स्वतःच्या शिक्षणासाठी एका शिक्षकाची नजर, दोन संस्थानिकांचे मन आणि एका मित्राचा विश्वास यांचा योग जुळून यावा लागला होता. असा योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. गुणी विद्यार्थ्याला आश्रयदाता शोधावा लागू नये, त्याच्या नावाची रक्कम सरकारच्या अंदाजपत्रकात लिहिलेली असावी, ही व्यवस्था त्यांनी मागून घेतली. वर्षाअखेरीस शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर जमा झाली का, हे पाहण्यासाठी कॉलेजच्या कार्यालयात खेटे घालणारा विद्यार्थी आजही दिसतो. त्या रकमेची वाट तो हक्काने पाहतो आणि ती उशिरा आली तर हक्काने जाबही विचारतो. साडेअकरा पौंडांच्या करारावर सही करणाऱ्या विद्यार्थ्याला ही मुभा नव्हती.