व्यंकटेश बापूजी केतकर : ग्रहांचं गणित मांडणारे शिक्षक

प्लूटोचा शोध एका मराठी माणसाने लावला, असं आपण अधूनमधून ऐकतो. मुलांना ते आवडतंही. पण हे खरं किती? त्यासाठी व्यंकटेश बापूजी केतकर यांचं चरित्र माहीत असायला हवं.

त्यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. घरात ज्योतिषशास्त्राच्या अभ्यासाची परंपरा होती. पुढे ते मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात शिक्षक झाले. म्हणजे ते आपल्याच पेशातले, बरं का! दिवसा शाळा आणि बाकीच्या वेळात आकडेमोड. हाताशी ना मोठी वेधशाळा, ना कॅल्क्युलेटर.

त्या काळी बरीच पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून करत. हा ग्रंथ सोळाव्या शतकातला. इतक्या वर्षांत बारीक चुका साठत गेल्या होत्या. पंचांगात लिहिलेली ग्रहाची जागा आणि आकाशातली जागा जुळत नव्हती. केतकरांनी युरोपातली नवी कोष्टकं अभ्यासली आणि ‘ज्योतिर्गणितम्’ व ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ संस्कृतात लिहिले. जुन्या ग्रंथांचा आदर ठेवायचा, पण गणित आकाशाशी ताडून पाहायचं, हा त्यांचा बाणा.

१९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. गुरूच्या तीन चंद्रांच्या फेऱ्यांत एक ठरलेली लय आहे. तशीच लय दूरच्या ग्रहांत असेल, असं मानून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं. नावं दिली ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि एका फेरीला २४२.२८ वर्षं, असं उत्तर निघालं.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेत क्लाइड टॉमबॉ या शेतकऱ्याच्या मुलाने, काही दिवसांच्या अंतराने घेतलेले आकाशाचे फोटो ताडून पाहिले. एक ठिपका सरकलेला दिसला. तोच प्लूटो! अंतर सुमारे ३९.५ पट, फेरी सुमारे २४८ वर्षांची. प्लूटो हे नाव इंग्लंडमधल्या व्हेनेशिया बर्नी या अकरा वर्षांच्या मुलीने सुचवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केतकर वारले.

आकडे किती जवळ आले, पाहा. तरीही केतकरांनी प्लूटो शोधला, असं मुलांना सांगू नये. त्यांनी अंदाज मांडला, शोध टॉमबॉने लावला. केतकरांचा ‘विष्णू’ तर सापडलाच नाही. मात्र प्लूटोच्या दोन फेऱ्या होतात तेवढ्यात नेपच्यूनच्या तीन होतात, हे पुढे दिसून आलं. म्हणजे दूरच्या ग्रहांत लय शोधण्याची त्यांची कल्पना अगदीच पोकळ नव्हती.

आकड्यांच्या लयीवरून शोधाची दिशा मिळाल्याचं आणखी एक उदाहरण आहे. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये ग्रह असावा, असं अंतरांच्या एका नियमावरून वाटत होतं. १ जानेवारी १८०१ रोजी इटलीच्या पियाझींना तिथे सेरेस दिसला. धान्याच्या रोमन देवतेचं नाव त्यांनी त्याला दिलं. मधल्या पट्ट्यातला तो पहिला लघुग्रह. पण तोच नियम पुढे नेपच्यूनला लागू पडला नाही. आणि सेरेसप्रमाणेच प्लूटोही ग्रहांच्या यादीतून गेला. २००६ पासून तो बटुग्रह आहे. लघुग्रहांना मिळतो तसा १३४३४० हा क्रमांकही त्याला मिळाला आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात गावाबाहेर रात्री अजून छान अंधार असतो. दुर्बीण नसली तरी चालेल. एखादा ग्रह निवडा, जवळच्या ताऱ्यांसह त्याची जागा वहीत काढायला सांगा आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा काढून घ्या. काय सरकलं, ते मुलांनाच शोधू द्या. पंचांगातली जागाही ताडून पाहता येईल. पुस्तकातलं उत्तर आकाशाशी जुळतं का, हा केतकर गुरुजींचा प्रश्न मुलांच्या तोंडी आला, तर धडा पोचला असं समजावं.