देसाऊचे मोशे : मोझेस मेंडेल्सोन (१७२९–१७८६)

जर्मनीतील देसाऊ या गावात मेनाहेम मेंडेल नावाचे एक गरीब सोफेर राहत असत. सेफेर तोरा हाताने लिहिणे, तेफिल्लीन आणि मेझुझाचे मजकूर लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. काम पवित्र, पण मिळकत तुटपुंजी. त्यांच्या घरी ६ सप्टेंबर १७२९ रोजी मुलगा झाला, त्याचे नाव मोशे. पुढे जर्मन जगात हा मुलगा मेंडेल्सोन, म्हणजे मेंडेलचा मुलगा, या नावाने ओळखला गेला. हिब्रूत मात्र तो स्वतःला देसाऊचा मोशे म्हणवीत असे. कोकणातल्या गावांवरून आपली आडनावे पडली, त्या रीतीने सांगायचे तर मोशे देसाऊकर.

त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हता. लहानमोठी अनेक राज्ये होती आणि यहुद्यांना कुठे राहू द्यायचे, किती कर घ्यायचा, हे ज्या त्या राजाच्या मर्जीवर असे. घरात यिद्दिश बोलत, शिक्षण हिब्रूत होई आणि जर्मन ही बाहेरच्यांची भाषा समजली जाई.

देसाऊचे रब्बी दाविद फ्रेंकेल यांच्यापाशी मोशे तालमुद शिकला. जवळच्याच येसनिट्झ गावी १७४२ मध्ये रम्बाम यांचा मार्गदर्शक ग्रंथ पुन्हा छापला गेला होता. मुलाने तो अक्षरशः रात्रंदिवस वाचला. त्याच्या पाठीला बाक होता आणि बोलताना तो अडखळत असे. हा बाक आपल्याला रम्बाम यांनीच दिला, पण त्यांनीच आयुष्यात गोडीही आणली, असे ते पुढे हसत सांगत.

१७४३ मध्ये फ्रेंकेल बर्लिनचे मुख्य रब्बी झाले. चौदा वर्षांचा मोशे गुरूच्या मागोमाग बर्लिनला गेला. तिथे उपासमारीचेच दिवस होते. आठवड्याच्या पावावर रेघा मारून तो रोजचा वाटा ठरवीत असे, असे त्यांच्या चरित्रांत सांगतात. लोकांकडून धडे घेत, काही स्वतःच शिकत त्याने जर्मन, लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी आणि गणित आत्मसात केले.

राजा दुसरा फ्रेडरिक याने १७५० मध्ये प्रशियातील यहुद्यांची सहा वर्गांत विभागणी केली. वरच्या थोड्यांनाच हक्क होते. ज्याला स्वतःचा परवाना नाही, त्याने परवाना असलेल्याच्या नोकरीत राहावे, नाहीतर शहर सोडावे. त्याच वर्षी रेशमाचे कारखानदार इझाक बर्नहार्ड यांनी मेंडेल्सोन यांना मुलांचे शिक्षक म्हणून घरी ठेवले. १७५४ मध्ये ते त्याच पेढीवर हिशेबनीस झाले, पुढे व्यवस्थापक आणि भागीदारही. त्यांचे सगळे ग्रंथलेखन या नोकरीतून उरलेल्या वेळात झाले, हे विसरता कामा नये. दिवसभर रेशमाचे भाव आणि मालाचे हिशेब, मग रात्री तत्त्वज्ञान. शब्बाथ आणि कोशेर त्यांनी आयुष्यभर पाळले.

१७५४ मध्येच बुद्धिबळाच्या निमित्ताने त्यांची नाटककार लेसिंग यांच्याशी ओळख झाली. एका पाद्र्याचा मुलगा आणि एका सोफेराचा मुलगा, दोघेही पंचविशीचे. लेसिंग यांनी आधीच एक नाटक लिहिले होते, त्यात एक सज्जन यहुदी दाखवला होता. असा थोर मनाचा यहुदी असणे संभवत नाही, अशी टीका एका विद्वानाने केली. मेंडेल्सोन यांना ती फार लागली. त्यांनी लिहिलेले संतापाचे पत्र लेसिंग यांनी छापले. पुढच्याच वर्षी लेसिंग यांनी मित्राचे तत्त्वज्ञानावरचे हस्तलिखित त्याला न विचारता छापून टाकले! मेंडेल्सोन यांचे जर्मन लेखक म्हणून आयुष्य असे सुरू झाले.

१७६२ मध्ये हॅम्बुर्गच्या फ्रोमेट गुगेनहाइम यांच्याशी त्यांचे लग्न झाले. वाग्दानाच्या काळात त्यांनी फ्रोमेटना लिहिलेली पत्रे हिब्रू अक्षरांतील यहुदी-जर्मन बोलीत आहेत. पुढच्या वर्षी प्रशियाच्या राजकीय अकादमीच्या निबंधस्पर्धेत त्यांना पहिले बक्षीस मिळाले. त्यांच्या मागे राहिलेल्या स्पर्धकाचे नाव होते इमॅन्युएल कांट. त्याच वर्षी राजाने त्यांना बर्लिनमध्ये राहण्याचा परवाना दिला, पण तो त्यांच्यापुरताच, बायकोमुलांना लागू नव्हता. १७७१ मध्ये अकादमीने त्यांना सभासद म्हणून निवडले तेव्हाही राजाने मंजुरी दिली नाही. १७६७ मधील त्यांचे ‘फेडोन’, आत्म्याच्या अमरत्वावरचे पुस्तक, अनेक भाषांत गेले होते आणि लोक त्यांना जर्मनीचे सॉक्रेटिस म्हणू लागले होते. तरी राजाच्या लेखी ते परवानाधारक यहुदीच राहिले.

कीर्तीमुळे एक वेगळेच संकट आले. झुरिचचा तरुण पाद्री लाव्हाटर काही वर्षांपूर्वी त्यांना बर्लिनमध्ये भेटून गेला होता. त्या भेटीत मेंडेल्सोन धर्माविषयी मोकळेपणाने बोलले होते, ते खासगीतच राहील या भरवशावर. १७६९ मध्ये लाव्हाटरने ख्रिस्ती धर्माच्या समर्थनाचे एक फ्रेंच पुस्तक जर्मनमध्ये आणले आणि ते जाहीरपणे मेंडेल्सोन यांना अर्पण केले. अर्पणपत्रिकेत आव्हान होते की यातले पुरावे खोडून काढावेत, नाहीतर बाप्तिस्मा घ्यावा. वरवर हा सन्मान होता, खरे तर सापळा. ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहावे तर साऱ्या यहुदी समाजावर राग ओढवणार. गप्प राहावे तर हार मानल्यासारखे होणार.

मेंडेल्सोन यांनी जाहीर पत्राने उत्तर दिले. आपला धर्म आपण आज नव्हे, कैक वर्षांपूर्वी तपासून पाहिला आहे आणि त्यावरची निष्ठा पक्की आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. मग त्यांनी यहुदी धर्माची शिकवण सांगितली : हा धर्म दुसऱ्यांना आपल्यात ओढायला माणसे पाठवत नाही, कारण कोणत्याही राष्ट्रातील सदाचारी माणसाला पुढच्या जगात वाटा आहे. एखादा कन्फ्यूशियस आपल्या काळात असता तर त्याला यहुदी करण्याची काय गरज, असा त्यांचा रोख होता. लाव्हाटरने माफी मागितली, पण वाद चिघळत राहिला. १७७१ मध्ये मेंडेल्सोन आजारी पडले आणि बराच काळ त्यांना वाचन-लेखन बंद ठेवावे लागले. काही वर्षांनी, १७७५ मध्ये, स्वित्झर्लंडमधील यहुद्यांवर नवी बंधने येऊ लागली, तेव्हा मदतीसाठी त्यांनी पत्र लिहिले ते याच लाव्हाटरला. लाव्हाटरने मदत केलीही.

बाहेरच्या मानसन्मानाने रस्त्यावरचे आयुष्य बदलले नव्हते. १७८० च्या एका पत्रात त्यांनी लिहिले आहे की संध्याकाळी बायकोमुलांसह फिरायला निघाले की टवाळ पोरे मागून ओरडत आणि दगड मारत. मुले विचारीत, हे आपल्यामागे का लागतात, आपण यांचे काय केले? युरोपभर ज्याचे ग्रंथ वाचले जात, त्या बापाजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते.

याच वर्षांत त्यांचे सर्वांत मोठे काम चालू होते. आपल्या मुलांना शिकवण्यासाठी म्हणून त्यांनी तोरा जर्मनमध्ये आणायला घेतली. १७८० ते १७८३ या काळात पाचही ग्रंथ छापून झाले. नाव होते ‘नेतिवोत हा-शालोम’, शांतीच्या वाटा. मुळातले हिब्रू, शेजारी जर्मन भाषांतर आणि हिब्रू टीका, जिला बिऊर म्हणतात. सोलोमन दुब्नो आणि इतर विद्वानांनी टीकेत हातभार लावला. यातली युक्ती अशी की जर्मन भाषा हिब्रू अक्षरांत छापली होती. यहुदी मुलांना दुसरी अक्षरे येतच नव्हती ना! ओळखीच्या अक्षरांतून मूल नकळत जर्मन शिकू लागे.

रब्बींमध्ये खळबळ उडाली. अल्टोनाचे रब्बी राफाएल कोहेन यांचा कडवा विरोध होता. प्रागचे रब्बी येहेझ्केल लांदाऊ यांचा आक्षेप असा की ही जर्मन इतकी अवघड आहे की मुलांचा वेळ तोरा समजण्याऐवजी जर्मन व्याकरणात जाईल. हा आक्षेप अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. अल्टोना तेव्हा डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते आणि वर्गणीदारांच्या यादीत खुद्द त्या राजाचे नाव आले, त्यामुळे तिथे बहिष्कार घालणे अवघड होऊन बसले. मेंडेल्सोन यांनीही एक अन्याय केला. यिद्दिशला ते बिघडलेली बोली समजत आणि मुलांनी ती टाकावी असे त्यांना वाटे. ज्या बोलीत त्यांनी फ्रोमेटना पत्रे लिहिली, ती हीच.

आपल्या समाजाचा रस्ता या बाबतीत सोपा होता. मुंबईत १८४६ मध्ये हगादा मराठी भाषांतरासह छापली गेली, तेव्हा मराठी शिकवण्याची गरज नव्हती, ती घरचीच भाषा होती. गावाने पूर्वजांना शनवार तेली म्हटले, म्हणजे शब्बाथ पाळणे हीच त्यांची ओळख मानली. मराठी बोलायचे की यहुदी राहायचे, असा प्रश्न कोकणात कुणी विचारला नाही. बर्लिनमध्ये तो रोज विचारला जात होता.

मेंडेल्सोन यांचे उत्तर १७८३ च्या ‘येरुशलेम’ या पुस्तकात आहे. राज्याने कोणाच्या विश्वासावर सक्ती करू नये आणि धर्मसंस्थेनेही नाही, रब्बींनी बहिष्काराचे हत्यारसुद्धा खाली ठेवावे. देवाचे अस्तित्व, आत्म्याचे अमरत्व ही सत्ये बुद्धीने सर्वांनाच कळू शकतात. सिनाय पर्वतावर इस्राएलला मिळाला तो आचरणाचा नियम आणि तो पाळणे यहुद्याला सुटत नाही. देशाच्या रीतीभाती स्वीकाराव्यात, पूर्वजांचा धर्मही सोडू नये आणि दोन्ही ओझी जमतील तशी वाहावीत, असा त्यांचा सल्ला होता. नागरी हक्कांसाठी धर्म सोडावा लागत असेल, तर हक्क नकोत.

लेसिंग १७८१ मध्ये वारले. ‘शहाणा नाथान’ या त्यांच्या नाटकातील नाथान हे मेंडेल्सोनच, असे सगळे ओळखत. मृत मित्रावर नास्तिकतेचा आरोप झाला तेव्हा त्याच्या बचावाचे हस्तलिखित हातात घेऊन मेंडेल्सोन ऐन थंडीत प्रकाशकाकडे गेले, आजारी पडले आणि ४ जानेवारी १७८६ रोजी वारले.

मागे सहा मुले राहिली. त्यांपैकी चौघे ख्रिस्ती झाले. थोरला योसेफ आणि मुलगी रेखा यहुदी राहिली. अब्राहामने आपल्या मुलांना १८१६ मध्ये बाप्तिस्मा दिला, त्यांत संगीतकार फेलिक्स होता. मेंडेल्सोन हे आडनाव टाकावे, असा अब्राहामचा आग्रह होता. फेलिक्सने ते टाकले नाही. यावरून काहींनी आजोबांनाच दोष दिला, पण ज्या राज्यात नोकरी, पद आणि मान बाप्तिस्म्याच्या दारातूनच मिळत, त्या राज्याचा दोष त्यांच्या माथी मारणे बरोबर नाही.

बाप्तिस्म्यानेही शेवटी वाचवले नाही. १९३६ मध्ये लाइपझिगमधून फेलिक्सचा पुतळा नाझींनी काढून टाकला. योसेफने स्थापन केलेली पेढी १९३८ मध्ये मोडीत निघाली. बर्लिनच्या ग्रोसे हॅम्बुर्गर रस्त्यावरील ज्या जुन्या कबरस्तानात मोशे देसाऊकर पुरले होते, ते १९४३ मध्ये उद्ध्वस्त केले गेले. आज तिथे गवत आणि झाडे आहेत, मेंडेल्सोन यांच्या नावाचा दगड पुन्हा उभा केलेला आहे आणि येणारे लोक त्यावर लहान खडे ठेवून जातात.