टॉम मॉरिस

राळेगणसिद्धीच्या सुतारानें बाभळीचा दांडा तासून लोहाराच्या कुऱ्हाडींत बसविला, कीं शेतकरी ती हातांत तोलून पाहतो आणि दांडा जड वाटल्यास पुन्हां तासवून घेतो, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलेलेंच आहे. स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज या समुद्रकांठच्या गांवीं गोल्फच्या काठ्याही अशाच तयार होत. त्या विद्येंत नांव मिळविलेल्या टॉम मॉरिसचा जन्म तेथेंच १६ जून १८२१ रोजीं एका विणकराच्या घरीं झाला.

पोरवयांतच तो अ‍ॅलन रॉबर्टसन या नामांकित खेळाडूच्या हाताखालीं शिकूं लागला. रॉबर्टसन कातड्याच्या पिशवींत पिसें ठासून चेंडू बनवी. दिवसभर खपावें तेव्हां तीनचार हातीं लागत. १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकाचे स्वस्त चेंडू निघाले. धंदा बुडणार या भयानें रॉबर्टसनला त्यांचें नांव सोसेना. टॉम तसल्या चेंडूनें खेळतांना दिसतांच गुरुशिष्यांची ताटातूट झाली. आमच्या मतें गुरूचें भय खरें होतें, पण शिष्याची दृष्टि अधिक दूरची होती. १८५१ सालीं टॉम प्रेस्टविक येथें मैदानाची देखरेख करूं लागला. तेथें १८६० सालीं सुरू झालेली 'ओपन' स्पर्धा त्यानें चार वेळां जिंकली. अखेरच्या खेपेस, १८६७ सालीं, तो ४६ वर्षांचा होता. इतक्या वयाचा विजेता त्या स्पर्धेंत पुढें झालेला नाहीं.

सेंट अँड्र्यूजला परतून त्यानें दुकान थाटलें. काठीचें डोकें बीच किंवा सफरचंदाच्या लाकडाचें, दांडा अमेरिकेंतून आलेल्या हिकरीचा. दोहोंचीं टोकें तिरपीं तासून सरसानें चिकटवीत व डांबर लावलेल्या दोऱ्यानें आवळीत. डोक्याच्या पाठींत शिसें ओतीत, तळाशीं मेंढ्याच्या शिंगाची पट्टी बसवीत, मुठीवर मेंढीचें कातडें गुंडाळीत. गिऱ्हाईक उंच कीं ठेंगणें, यावर दांड्याची लांबी ठरे. रविवारीं मात्र मैदान बंद. हा नियम त्यानें कोणाच्याही भिडेनें ढिला केला नाहीं.

त्याचा मुलगा टॉमी बापाहून सरस निघाला. १८६८ ते १८७२ या काळांत त्यानेंही 'ओपन' चार वेळां जिंकली. सप्टेंबर १८७५ मध्यें पितापुत्र नॉर्थ बेरविक येथें खेळत असतां टॉमीची पत्नी प्रसूतींत अडल्याची तार आली. जहाजानें खाडी ओलांडून येतात तों माता व बालक दोन्हीं गेलीं होतीं. त्याच वर्षींच्या नाताळांत, २५ डिसेंबरला, टॉमीही वारला. वय अवघें २४.

पुढें पत्नी व राहिलेलीं मुलेंही बापाच्या देखत गेलीं. तरी म्हातारा १९०३ पर्यंत मैदान सांभाळीत होता. २४ मे १९०८ रोजीं जिन्यावरून पडून त्याचा अंत झाला. त्याच्या दुकानाजवळच्या, मैदानांतील अठराव्या व शेवटच्या टप्प्याला आजही त्याचेंच नांव आहे.